फार्मसी बंद झाल्यावर घरी जाणाऱ्या पेशंटचं औषध: रात्रीचं कपाट सुरू करतानाचा अनुभव

आमच्या हॉस्पिटलची फार्मसी रात्री नऊला बंद होते ती सकाळी आठला उघडते, रविवारी दुपारनंतर तर बंदच. कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, मात्र चोवीस तास चालू. अ‍ॅडमिट पेशंटचं काही अडत नाही, वॉर्डात स्टॉक असतो, सिस्टर डोस देतात. अडतं ते तपासून, इंजेक्शन-सलाईन देऊन रात्रीच घरी सोडलेल्या पेशंटचं. हातात चिठ्ठी आहे, त्यावर औषध लिहिलंय, आणि ते औषध मिळायला अजून सहा-सात तास आहेत. ही मधली पोकळी भरायचं काम या वर्षी माझ्याकडे आलं, मी तिथे फार्मासिस्ट आहे. मार्चमध्ये सुरुवात झाली, सप्टेंबरमध्ये रात्री घरी न्यायच्या औषधांच्या तयार पाकिटांचं कपाट चालू झालं, आता नोव्हेंबर संपत आला आणि गाडी बऱ्यापैकी रुळावर आहे. सुरुवातीला कुठून धरायचं, कोणाला काय विचारायचं हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

निमित्त झालं एका दम्याच्या मुलीचं. रात्री नेब्युलायझर दिलं, श्वास मोकळा झाला, घरी सोडलं, स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीवर लिहून दिल्या आणि सकाळी घेऊन सुरू करा असं सांगितलं. पहाटे ती परत आली, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. नेब्युलायझरमधल्या सालब्युटामॉलचा परिणाम चार ते सहा तासांत ओसरतो, आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसायला घेतल्यापासून काही तास जातात, म्हणजे गोळी जर रात्रीच पोटात गेली असती तर नेब्युलायझर उतरेपर्यंत तिचं काम सुरू झालं असतं. मुलगी बरी झाली. पण मेडिकल सुपरिटेंडेंट सरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं की यावर कायमचा काहीतरी मार्ग काढा, लेखी काढा.

तोपर्यंत मार्ग नव्हता असं नाही, होता, पण तोच जास्त धोक्याचा होता. रात्रीच्या सिस्टर वॉर्डच्या स्टॉकमधून स्ट्रिप कापून चार गोळ्या कागदाच्या पाकिटात घालून द्यायच्या, वर पेनने १-०-१ लिहायचं. चांगल्या मनानेच चाललं होतं ते, समोर कण्हणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवणार. पण कापलेल्या स्ट्रिपवर कधी औषधाचं नाव राहतं तर कधी एक्स्पायरी, बॅच नंबर तर बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावरच राहतो. पेशंटला अ‍ॅलर्जी आहे का हे कुणी विचारलं, कुणी तपासलं, किती दिलं, याची कुठेच नोंद नाही. उद्या त्याच औषधाची बॅच कंपनीने परत मागवली तर कोणाला फोन करणार?

मी पहिल्यांदा काय केलं तर कॅज्युअल्टीचं रजिस्टर घेऊन बसले. रात्री नऊ ते सकाळी आठ या वेळात घरी सोडलेल्यांच्या नोंदी काढल्या, मागचे तीन महिने. प्रत्येक औषधापुढे एकच प्रश्न लिहिला: हे सकाळपर्यंत थांबलं तर नुकसान होतं का? हे जमलं तर नक्की करा, कारण पुढे हॉस्पिटलच्या औषधांच्या कमिटीत जो वाद होतो त्यात हा कागदच कामाला येतो. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या थांबू शकणाऱ्या निघाल्या, व्हिटॅमिन, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, खोकल्याची औषधं. आणि काही अशा की ज्यांना घड्याळ लागलेलं आहे. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून जी औषधं देतात, पीईपी, ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि त्यातही जितकी लवकर तितकी चांगली, मग २८ दिवस चालतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी, लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, ७२ तासांत, पण पहिल्या दिवशी घेतली तर उपयोग जास्त. नागिणीवर अ‍ॅसायक्लोव्हिर पुरळ आल्यापासून ७२ तासांत, फ्लूवर ओसेल्टामिव्हिर ४८ तासांत सुरू केलं तर खरा फायदा. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्याला रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस चुकवून चालत नाही. फिट येणाऱ्याच्या गोळ्या संपल्या असतील तर एक-दोन डोस चुकणं म्हणजे पुढची फिट घरीच. इन्सुलिन संपलेला टाइप १ डायबेटिसचा पेशंट. तीव्र अ‍ॅलर्जीतून सावरलेला माणूस, ज्याला काही तासांनी पुन्हा तसाच झटका येऊ शकतो आणि त्या वेळी अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे स्वतःच टोचून घ्यायचं तयार इंजेक्शन, खिशात असायला हवं.

ही यादी हातात आल्यावर मला वाटलं आता काम सोपं आहे. एप्रिलमध्ये कायद्यापाशी घोडं अडलं.

नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, तुमच्याकडचे तुम्हीच बघा, पण ढोबळ चौकट बऱ्याच ठिकाणी अशी असते की डॉक्टरच्या ऑर्डरवर समोरच्या पेशंटला डोस देणं हे नर्सच्या कामात बसतं, पण घरी न्यायला चार दिवसांच्या गोळ्या बांधून देणं हे औषध वितरण झालं, आणि ते फार्मासिस्टने करायचं, किंवा डॉक्टर आपण स्वतः तपासलेल्या पेशंटला देऊ शकतो. म्हणजे सिस्टर जे इतकी वर्षं करत होत्या त्याची जबाबदारी उद्या काही झालं तर त्यांच्यावर एकट्यांवर आली असती, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. मी औषध परवान्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं. दीडेक महिना उत्तर नाही, फोन केला की साहेब साइटवर आहेत, फाइल टेबलावर आहे. शेवटी उत्तर आलं ते बरंच स्पष्ट आलं, याचं कारण मला वाटतं पत्राची पद्धत. मोघम मार्गदर्शन मागितलं नव्हतं. हो किंवा नाही म्हणता येईल असे नंबर घातलेले प्रश्न, सोबत लेबलचा नमुना, रजिस्टरच्या पानाचा नमुना. पत्र दिल्यावर आवक नंबर आणि शिक्का घ्यायलाच हवा, प्रत्येक फोनला तोच नंबर सांगायचा, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगावी लागते.

त्या वाट बघण्याच्या काळात बरंच वाचन झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम काढली होती, तिचे कागद वाचले. सगळ्यात उपयोगी पडलं ते अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेचं हॉस्पिटलांसाठीचं मानक, कारण त्यात नेमका हाच विषय आहे, फार्मसी बंद असताना फार्मासिस्ट नसलेल्या माणसाने औषध काढायचं तर काय. त्याचा मतितार्थ असा की औषधं मोजकीच ठेवा, ठरवून दिलेल्या आणि ट्रेनिंग झालेल्याच डॉक्टर-नर्सनी ती काढावीत, काढलेलं दुसऱ्या कुणीतरी तपासावं, आणि प्रश्न विचारायला फोनवर फार्मासिस्ट असावा. या चार गोष्टी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर लावल्या आणि पुढचं सगळं त्यावर घासून बघितलं.

आमच्याकडे शेवटी ठरलं ते असं. पाकीट आधीच फार्मासिस्ट भरून सील करून ठेवणार, रात्री कुणीही स्ट्रिप कापायची नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितील, स्वतः कपाटातून पाकीट काढतील, सिस्टर चिठ्ठी आणि पाकीट ताडून बघतील, दोघांची सही, आणि पेशंटच्या हातात डॉक्टर देतील. सकाळी फार्मासिस्ट प्रत्येक नोंद बघणार.

डॉक्टर लोकांना हे फारसं आवडलं नाही, रात्री वेळ कुठे असतो म्हणाले. मे महिन्याची ड्रग कमिटीची मीटिंग कोरम नाही म्हणून झालीच नाही, जूनमध्ये झाली ती जवळजवळ सगळी याच विषयावर. अकाउंट्सने विचारलं रात्री कॅश काउंटर बंद, बिल कोण करणार. सर्जरीचे सर म्हणाले यादी फार छोटी आहे. आणि मेट्रन मॅडमनी, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, जो प्रश्न विचारला तो सगळ्यात महत्त्वाचा होता. त्या म्हणाल्या, "रात्री माझ्या दोनच मुली असतात, एक पेशंटपाशी अडकलेली असते. दुसरी तपासणी दुसऱ्या सिस्टरने करायची असं लिहाल तर ती फक्त कागदावर होईल. सही होईल, तपासणी होणार नाही." म्हणूनच पाकीट काढणारा डॉक्टर आणि तपासणाऱ्या सिस्टर अशी जोडी ठरली, म्हणजे जे दोघं त्या पेशंटपाशी असतातच तेच दोघं. तुम्ही असं काही करणार असाल तर मसुदा कमिटीत नेण्याआधी रात्रपाळी सांभाळणाऱ्या माणसाला वाचून दाखवा, डे ड्युटीवाल्यांना रात्र कशी असते ते कितीही सांगितलं तरी अंदाज येत नाही.

यादीवरून मग दोन मीटिंगा झाल्या. प्रत्येक विभागाला आपलं औषध आत हवं होतं. मी एकच अट धरून बसले की आत यायचं असेल तर एका ओळीत लिहून द्या, किती तासांत द्यावं लागतं, कोणाला देऊ नये, किती दिवसांचं. असं लिहायला बसलं की निम्मी नावं आपोआप गळतात. काही मात्र भांडून बाहेर ठेवावी लागली. डोळ्यात कचरा गेलेल्यांसाठी सुन्न करणारे थेंब घरी द्यावेत अशी मागणी होती. तपासताना तो एक थेंब ठीक, पण पेशंट घरी दुखलं की घालत राहतो, आणि वारंवार वापरले तर कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जखम भरत नाही, उलट चिघळते आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. कोडीन (अफूच्या गटातलं औषध) असलेलं खोकल्याचं औषध नको, १२ वर्षांखालच्या मुलांना तर ते द्यायचंच नसतं. मेथोट्रेक्सेट कुठल्याही परिस्थितीत कपाटात नको. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं आणि चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, आणि एका रात्रीने संधिवाताचं काही बिघडत नाही.

किती दिवसांचं द्यायचं यावर माझं मत सुरुवातीला ठाम नव्हतं, चर्चेतूनच झालं. ढोबळ नियम, फार्मसी पुन्हा उघडेपर्यंत आणि वर एक दिवस. तो वरचा दिवस अशासाठी की रात्रभर जागलेला माणूस सकाळी आठला रांगेत उभा राहील अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. जिथे कोर्सच छोटा आहे तिथे पूर्ण कोर्स, दम्याच्या अ‍ॅटॅकनंतरचं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, मोठ्यांना साधारण ५ दिवसांचं असतं, ते सगळंच दिलं तर सुटं तोडून उपयोग काय. पीईपीचं पाकीट ५ दिवसांचं, कारण पुढच्या गोळ्या जिथून घ्यायच्या ते पीईपीचं क्लिनिक रोज नसतं. आणि त्या पाकिटावर बाहेरून आजाराचं नाव कुठेही छापायचं नाही असं आम्ही एकमताने ठरवलं. पेशंटची सुई चुकून टोचलेल्या आपल्याच सिस्टर असोत की अत्याचार सोसून आलेली एखादी मुलगी, ते पाकीट घरी कुणाच्याही नजरेला पडू शकतं. पहिली गोळी कॅज्युअल्टीतच द्यायची, रक्त तपासणीला घ्यायचं पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही, हे आतल्या कागदावर सगळ्यात वर लिहिलंय. गर्भनिरोधक गोळी त्याच्याच शेजारच्या कप्प्यात, म्हणजे एक आठवली की दुसरीही आठवेल.

जुलै-ऑगस्ट पाकिटं भरण्यात गेले. हे काम बाहेरून क्षुल्लक वाटतं आणि खरी मेहनत इथेच आहे. शक्य तिथे कंपनीची अखंड स्ट्रिप ठेवली. लेबलवर औषधाचं नाव, ताकद, किती गोळ्या, बॅच, एक्स्पायरी आणि आमच्या फार्मसीचा फोन आधीच छापलेला, पेशंटचं नाव आणि तारीख रात्री हाताने भरायची. किती आणि कधी हे १-०-१ असं न लिहिता सरळ वाक्यात, सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, जेवल्यावर. दशांशाच्या बाबतीत एक नियम भिंतीवरच लावलाय, ५ च्या पुढे कधी ५.० लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की ते ५० वाचलं जातं, आणि अर्ध्यासाठी नुसतं .५ न लिहिता ०.५ लिहायचं. दिसायला-ऐकायला सारखी नावं असलेली औषधं शेजारी ठेवली नाहीत, अक्षरमाळेप्रमाणे लावायचा मोह होतो पण आम्ही आजाराप्रमाणे कप्पे केले, श्वास, जंतुसंसर्ग, अ‍ॅलर्जी, असे.

लहान मुलांच्या अँटिबायोटिकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ते बाटलीत कोरडी पावडर म्हणून येतं, पाणी घातल्यावर थोड्याच दिवसांची मुदत असते, म्हणून आधी तयार करून ठेवता येत नाही. रात्री दोन वाजता दमलेल्या आईबापांना घरी जाऊन पाणी घाला म्हणणं म्हणजे चूक होणारच. बाटलीवर एक रेघ असते, तिथपर्यंत पाणी भरायचं असतं, पण बाटली न हलवता पाणी घातलं की पावडरचा गोळा तळाला तसाच राहतो, आणि एकदम रेघेपर्यंत भरून हलवलं की पातळी खाली जाते, मग लोक घाबरतात की कमी पडलं की जास्त. खरं म्हणजे आधी कोरडी बाटली आपटून पावडर सैल करायची, अर्धं पाणी घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग रेघेपर्यंत भरायचं आणि पुन्हा हलवायचं. हे आम्ही सिस्टरांकडे दिलं, कॅज्युअल्टीतच तयार करायचं, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली कपाटातच असते. पाकिटात चमच्याऐवजी तोंडाने औषध द्यायची सिरिंज. वजनाप्रमाणे किती मिली याचा तक्ता मी करून लॅमिनेट केला, सिस्टर तेवढ्या रेघेवर रंगीत टेप चिकटवतात, आणि पहिला डोस आईच्या हातून तिथेच द्यायला लावतात. आई एकदा स्वतः टेपपर्यंत ओढून बाळाला पाजते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. पॅरासिटामॉलच्या सिरपची ताकद मात्र प्रत्येक बाटलीला वेगळी, ५ मिलीत १२० मिग्रॅही असतं आणि २५० मिग्रॅही, आणि थेंबांच्या बाटलीत त्याहून दाट. म्हणून कपाटात एकच ताकद ठेवली, आणि घरी दुसरी बाटली आहे का हे विचारायची ओळ रजिस्टरमध्येच टाकली.

कपाट, फ्रिज, थर्मामीटर, नंबर असलेली प्लास्टिक सील, लेबल प्रिंटर, एवढाच काय तो खर्च उभारणीचा. आमच्याकडे कपाट जुनंच होतं, कुलूप बदललं. फ्रिजसाठी मात्र वेगळा छोटा हवा असं मी हट्टाने मागितलं, स्टाफच्या डब्यांच्या शेजारी इन्सुलिन ठेवायला माझी तयारी नव्हती. तो मंजूर होऊन यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. खरेदी विभागाला तीन कोटेशनं हवी होती, दोनच येत होती.

ट्रेनिंग दिवसा ठेवलं असतं तर रात्रपाळीच्या सिस्टर झोपेतून उठून आल्या असत्या, म्हणून आम्हीच रात्री चार्ज देण्याघेण्याच्या वेळी गेलो, छोटंसं, खरं पाकीट हातात देऊन. प्रत्येकीने एक बाटली स्वतः तयार केली. रेसिडेंट डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे ट्रेनिंग एकदा करून संपत नाही, ते त्यांच्या जॉइनिंगच्या पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमातच घालून घेतलं. हे आधीच करून ठेवा, मागाहून कोणी वेळ देत नाही.

१ सप्टेंबरला कपाट चालू झालं. पहिल्या रात्री मी उगाचच जागी, फोन उशाशी. काहीच झालं नाही. पहिले काही दिवस पाकिटं तशीच पडून राहिली, सवयीने चिठ्ठी देऊनच पाठवत होते, आणि मला धाकधूक व्हायला लागली की एवढा खटाटोप वाया जातोय की काय. मग कॅज्युअल्टीच्या डिस्चार्जच्या कागदावर एक चौकट छापून घेतली, पहिला डोस दिला का, सोबत पाकीट दिलं का. तेवढ्या चौकटीने चित्र बदललं.

फोनवरची ड्युटी आम्ही फार्मासिस्ट आळीपाळीने घेतो. मला भीती होती की रात्रभर फोन वाजत राहील, तसं काही झालं नाही, पण जे येतात ते खरंच विचारायला हवेत असेच असतात. एकदा लघवीच्या इन्फेक्शनसाठी डॉक्टरना को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचं होतं, पेशंट आजी, घरच्या औषधांच्या पिशवीत रक्त पातळ करणारं वॉरफरिन निघालं. सिस्टरांनी पिशवी उघडून बघितली म्हणून कळलं. ही दोन एकत्र आली की रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दुसरं औषध दिलं. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचे फोन सगळ्यात जास्त, म्हणून आता पेनिसिलिनच्या गटातल्या प्रत्येक पाकिटावर लाल पट्टी आहे आणि तिच्यावर विचारायचा प्रश्न छापलाय.

सकाळची तपासणी हा मला या सगळ्याचा गाभा वाटतो. आठला आल्या आल्या सील नंबर बघायचा, पाकिटं मोजायची, रजिस्टरचं पान वाचायचं. सप्टेंबरच्या अखेरीस एका पानावर पायात गुठळी झालेल्या एका काकांची नोंद होती, रक्त पातळ करणाऱ्या रिव्हरोक्साबानचं पाकीट दिलेलं, किडनीचा रिपोर्ट बघितल्याची खूण, दोन सह्या, सगळं व्यवस्थित. तरी फोन केला, कारण हे औषध पहिले २१ दिवस १५ मिग्रॅ दिवसातून दोनदा असतं, नंतर २० मिग्रॅ एकदा, आणि जेवणाबरोबर घ्यावं लागतं, पाकिटातलं तर दोन-तीन दिवसांतच संपणार. काका म्हणाले, "सूज उतरली हो मॅडम, आता हे संपलं की बास ना?" त्यांना रात्री सांगितलं होतं, सिस्टरांनी तशी नोंदही केली होती, पण दुखण्यात, घाबरण्यात आणि झोपेत ऐकलेलं किती लक्षात राहणार. मी त्यांच्या मुलीला फोन द्यायला सांगितलं, पुन्हा समजावलं, दुपारी ती चिठ्ठी घेऊन आली. त्या दिवसापासून रक्त पातळ करणारी औषधं, पीईपी, फिटच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेलेल्या प्रत्येकाला सकाळी फोन करणं आम्ही लेखी नियमात घातलं. पीईपीच्या बाबतीत फोन कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं हे पेशंटला रात्रीच विचारून ठेवायचं. हे विचारायचं अजिबात विसरू नका.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी फ्रिजचं थर्मामीटर ११ डिग्री दाखवत होतं, दार पूर्ण लागलं नव्हतं. ठेवायचं २ ते ८ मध्ये. सगळं फेकून द्यायची पहिली प्रतिक्रिया होते, पण आधी कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं. बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालतात, त्यामुळे त्यावर तारीख घालून ती दिवसाच्या वापरात लगेच काढली आणि फ्रिजमध्ये नवीन भरली. गोठलेलं असतं तर मात्र एकही ठेवलं नसतं. आता दाराला आवाज करणारा अलार्म आहे.

पैशाचा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत होता. रात्री बिल करायचं नाही असं सुपरिटेंडेंट सरांनी दोन महिन्यांसाठी म्हणून मंजूर केलं होतं. ऑक्टोबरअखेर वापराचे आकडे काढून दिले तेव्हा अकाउंट्सच्याच लक्षात आलं की दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांचा खर्च फार नाही, खरं नुकसान होतं ते न वापरता एक्स्पायर होणाऱ्या महागड्या गोष्टींचं, अ‍ॅड्रेनलिनची पेनं आणि पीईपी. ती कमी करून चालणारच नाही, म्हणून एक्स्पायरीला तीन महिने उरले की ती दिवसाच्या फार्मसीत जातात, तिथे खपतात, आणि कपाटात ताजी येतात. त्या अटीवर मोफतचा निर्णय कायम झाला. मला याचा फार आनंद झाला, कारण पैसे मागायचे ठरले असते तर पहिल्यांदा मागे हटले असते ते ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच.

सुरुवात करणाऱ्यांनी माझ्या मते यादी वीस-पंचवीस औषधांच्या वर नेऊ नये, आणि दर तीन महिन्यांनी एकदाही न वापरलेलं काय आहे ते बघावं. न वापरलेलं सगळंच काढायचं नसतं, अ‍ॅड्रेनलिन वर्षभर पडून राहिलं तरी राहू दे. रजिस्टरला आमच्याकडे एवढे रकाने आहेत: तारीख-वेळ, पेशंटचं नाव-वय-वजन, अ‍ॅलर्जी, घरची चालू औषधं, पाकिटाचा नंबर, पहिला डोस इथे दिला का, काय समजावलं, डॉक्टरची सही, सिस्टरची सही, फोन नंबर, आणि शेवटचा रुंद रकाना सकाळच्या फार्मासिस्टसाठी. वजनाचा रकाना मोठ्यांसाठीही भरून घ्या.

डिसेंबरच्या कमिटीत दोन गोष्टी मांडायच्या आहेत. फिट येणाऱ्या लहान मुलांसाठी लेव्हेटिरासिटॅमचं सिरप आत घ्यायचं, सध्या फक्त गोळ्या आहेत. आणि इन्सुलिनच्या पाकिटात सुया दोन्ही प्रकारच्या ठेवायच्या, पेनच्या वेगळ्या आणि कुपीसाठीच्या सिरिंज वेगळ्या, कारण मागच्याच आठवड्यात एका पेशंटला इन्सुलिन मिळालं आणि घरच्या पेनला बसणारी सुई नव्हती, ती शोधायला वॉर्डात धावाधाव झाली.